गोळीचा रोध नायट्रोजनमध्ये निम्मा झाला, पण चुंबक तरंगत नाही. सुपरकंडक्टर म्हणायचं का?

अनेरकाठ:

नमस्कार मंडळी. मी शिरपूर तालुक्यातली. एम.एस्सी. फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, स्पेशलायझेशन कंडेन्स्ड मॅटर. प्रोजेक्टला वायबीसीओ घेतलंय, म्हणजे यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, ज्याला सगळे १-२-३ म्हणतात. नीट जमलं तर हा सुपरकंडक्टर होतो, म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला रोध शून्य आणि वर ठेवलेलं चुंबक तरंगतं.

काय केलं ते आधी सांगते, म्हणजे विचारणाऱ्यांना सोपं जाईल. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड हिशोबाने तोलून अॅगेटच्या खलात घोटले. मफल फर्नेसमध्ये ९२० अंशांवर रात्रभर ठेवले. परत घोटले. आमच्याकडे पेलेट प्रेस नाही, म्हणून फार्मसीवाल्यांच्या आयआरच्या (इन्फ्रारेड तपासणीच्या) डायमध्ये १३ मिलिमीटरच्या गोळ्या दाबल्या आणि ९३० वर पुन्हा रात्रभर ठेवल्या. सकाळी भट्टी बंद करून दार थोडं उघडं ठेवलं, कारण दुपारी बी.एस्सी.च्या पोरांचं प्रॅक्टिकल त्याच भट्टीवर होतं. गोळ्या काळ्याभोर आल्या. एका गोळीच्या कडेला हिरवट झाक आहे.

लिक्विड नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातून ओळखीने मिळालं. गोळीला सिल्व्हर पेंटने दोन तारा लावल्या, मल्टिमीटर जोडला. बाहेर ११ ओहम, नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर ६ ओहम. मग जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक थंड गोळीवर ठेवलं. ते ढिम्म बसून राहिलं.

गाइड म्हणतात, रोध उतरला ना, मग ट्रान्झिशन, म्हणजे सुपरकंडक्टर होण्याचा बदल, दिसलं असं लिही आणि मोकळी हो. व्हायव्हाला बाहेरून येणारे सर चुंबक मागतील ही मला खात्री आहे. तर प्रश्न असे:

एक, ही गोळी सुपरकंडक्टर आहे का?

दोन, नसेल तर परीक्षेच्या आत आहे त्या सामानात काय करता येईल? ट्यूब फर्नेस नाही, ऑक्सिजनची लाइन नाही.

आणि तिसरा, जरा मोठा. पुढे पीएच.डी. करायची आहे. सगळे सीनियर म्हणतात फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडचे चुंबकीय पदार्थ) घे, दर सहा महिन्यांनी पेपर येतो, सुपरकंडक्टरमध्ये आपल्यासारख्यांचं काही होत नाही. खरं आहे का?


भुसावळ_जंक्शन:

तुनी गोळी तरंगस का नही ते सांग पहिले. तरंगत नाही म्हणतेस, मग झालं की!

गंमत सोड ताई. २०२३ च्या जुलैमध्ये कोरियातल्या लोकांनी एलके-९९ वरून जगभर धुरळा उडवला तो आठवतो का? साध्या तापमानाला सुपरकंडक्टर म्हणाले. व्हिडिओत तुकड्याची एक कड उचललेली, दुसरी टेकलेलीच. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर लोकांनी इंजिनं हवेत चालवायला सुरुवात केली होती. शेवटी निघालं काय, तर त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि तेच १०४ अंशांच्या आसपास आपली रचना बदलतं. तिथे रोध धपकन पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतही तो पदार्थ करून पाहिला, सुपरकंडक्टिव्हिटी काही सापडली नाही. तेव्हा रोध पडला एवढ्यावर जाऊ नकोस, मी काही फिजिक्सवाला नाही पण एवढं कळतं.


चोपडेकर_आप्पा:

भुसावळकर, फिजिक्सवाल्यांनाही कधीकधी एवढं कळत नाही.

पोरी, तुला अगंतुगं करतो, राग मानू नकोस. १९८७ साली मी एम.एस्सी.ला होतो. तेव्हा आपली खान्देशातली सगळी कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं. आदल्या वर्षी झुरिकच्या आयबीएम लॅबमध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली होती. केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेलं तापमान. ८७ च्या सुरुवातीला चू आणि वू यांच्या गटांनी लँथॅनमच्या जागी यट्रियम घातलं आणि आकडा ९३ वर गेला. लिक्विड नायट्रोजन ७७ ला उकळतं. त्याआधी ७५ वर्षं हे शास्त्र लिक्विड हेलियमवाल्या श्रीमंत लॅबचं होतं. त्या एका वर्षात ज्याच्याकडे भट्टी, खल आणि नायट्रोजनचा डबा तो यात उतरला. बेडनोर्झ आणि म्युलरला त्याच वर्षी नोबेल दिलं, एवढी घाई त्या समितीने क्वचितच केली असेल. तुझ्या गोळीच्या मागे हे सगळं आहे, म्हणून तिच्याबद्दल नीट बोलू.

पहिला प्रश्न. तुझ्या ११ आणि ६ ओहमवरून काहीच सांगता येत नाही. हो नाही, नाही पण नाही. कारण ते आकडे गोळीचे नाहीतच. बऱ्या भाजलेल्या वायबीसीओची रोधकता घरच्या तापमानाला काही मिलिओहम-सेंटिमीटर असते. तुझ्या गोळीतून सेंटिमीटरभर लांब, दोन-तीन मिलिमीटर जाड-रुंद पट्टी कापली तर तिचा रोध येईल पन्नासेक मिलिओहम. ओहमचा विसावा भाग! उरलेला सगळा रोध सिल्व्हर पेंटच्या जोडाचा आणि तारांचा. ट्रॅक्टरसकट कापूस काट्यावर चढवायचा, ट्रॅक्टरचं वजन वजाच करायचं नाही आणि भाव मात्र कापसाचा लावायचा, असला हा प्रकार आहे. रोध उतरला म्हणशील तर साधी तांब्याची तारसुद्धा नायट्रोजनमध्ये बुडवली की तिचा रोध आठव्या हिश्शावर येतो. तिला कोणी सुपरकंडक्टर म्हणत नाही.

म्हणून चार तारा. बाहेरच्या दोन तारांतून करंट, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज. व्होल्टमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे आतल्या जोडांचा रोध हिशोबात येत नाही. त्यासाठी नॅनोव्होल्टमीटर लागतो असं तुला कोणी सांगेल. चांगला असतोच, पण अडून बसू नकोस. ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय, मध्ये ४७ ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर, म्हणजे शंभरेक मिलिअँपिअर मिळतील. ५० मिलिओहमवर ५ मिलिव्होल्ट पडतात. साध्या डिजिटल मल्टिमीटरची २०० मिलिव्होल्टची रेंज ०.१ पर्यंत दाखवते. ५.० वरून हळूहळू ३, मग एकदम ०.० झालं तर तुला दिसेल. प्रत्येक रीडिंगला करंट उलटा करून परत घे आणि दोन्हींची सरासरी काढ, नाहीतर तारांच्या जोडांतलं थर्मो-ईएमएफ, म्हणजे तापमानाच्या फरकाने तयार होणारं व्होल्टेज, तुला फसवेल. तापमानाला पीटी-१०० सेन्सर गोळीला चिकटवून ठेव. शून्य अंशाला १०० ओहम, नायट्रोजनमध्ये २० च्या आसपास, मधला तक्ता कुठेही मिळतो. गोळी नायट्रोजनमध्ये धपकन बुडवू नकोस. थर्मासच्या वाफेत वरून खाली इंच इंच उतरव, तोच तुझा क्रायोस्टॅट, म्हणजे नमुना थंड ठेवायचं उपकरण.

पण रोध शून्य झाला तरी माझं समाधान व्हायचं नाही. रोध शून्य व्हायला गोळीभर एखादा बारीक धागा सुपरकंडक्टिंग असला तरी पुरतं, करंट त्यातून वाट काढतो. उरलेली ९५ टक्के माती असू शकते. चुंबकाला मात्र धाग्याने चकवता येत नाही, तो सगळ्या गोळीला जाब विचारतो. माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवलं की सुपरकंडक्टर थंड होताना आतलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. नुसता शून्य रोधाचा आदर्श धातू असता तर थंड होताना आत असलेलं क्षेत्र त्याने धरून ठेवलं असतं. त्या फरकावर हे सगळं शास्त्र उभं आहे. म्हणून जगात कोणीही नवा सुपरकंडक्टर आणला की जाणकार आधी मॅग्नेटायझेशनचा आलेख मागतात.

आता तुझं स्पीकरचं चुंबक. ते फेराइटचं, जड आणि त्या मानाने अशक्त. ते उचलायची ताकद तुझ्या गोळीत असती तरी तिने उचललं नसतं. जुन्या इअरफोनमधलं निओडिमियमचं छोटं चुंबक काढ, तीन-चार मिलिमीटरचं. त्याहून बारीक कसोटी हवी तर गोळी शिवणाच्या दोऱ्याने टांग, नायट्रोजनमध्ये बुडवून बाहेर काढ आणि तिच्या बाजूला मोठं निओडिमियम चुंबक ने. गोळी दूर सरकली तर काहीतरी आहे. जवळ आली तर हिरवी भेसळ जास्त आहे.

त्या हिरव्या कडेबद्दल: ती २-१-१ फेज, यट्रियमचं दोन, बेरियम आणि तांब्याचं एकेक. ती पॅराचुंबकीय असते, म्हणजे चुंबकाकडे किंचित ओढली जाते, सुपरकंडक्टर नसते. एक तर त्या ठिकाणी मिश्रण नीट घोटलेलं नव्हतं किंवा भट्टीचा तो कोपरा दाखवतो त्यापेक्षा तापतो. १ ग्रॅम यट्रियम ऑक्साइडला ३.५० ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि २.११ ग्रॅम कॉपर ऑक्साइड, हा हिशोब परत ताडून बघ. आणि बेरियम कार्बोनेट विषारी आहे. खलताना तोंडाला रुमाल नाही, मास्क. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

खरी गोम तुझ्या त्या उघड्या दारात आहे. ९३० अंशांवर या पदार्थात ऑक्सिजन कमी असतो, सूत्रात ऑक्सिजनचे अणू ७ च्या जागी ६.३ वगैरे. तो हळूहळू गार होताना, विशेषतः ५०० ते ४०० अंशांच्या दरम्यान, हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या भरतात. चौकोनी रचना तेव्हा ताणून आयताकृती होते, एक बाजू ३.८२ अँगस्ट्रॉम, दुसरी ३.८९. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलसाठी तू ती वेळच तिला दिली नाहीस. ऑक्सिजन ६.९ च्या वर गेला तर ९२ केल्विन. ६.६ च्या आसपास अडकला तर ६० केल्विन. आणि ६० म्हणजे ७७ च्या खाली! तुझी गोळी कदाचित खरोखरचा सुपरकंडक्टर असेल, पण नायट्रोजनला ते दिसणारच नाही.

चांगली गोष्ट ही की गोळी वाया गेलेली नाही. ऑक्सिजन आत-बाहेर करता येतो. परत ४५० ला ऑक्सिजनमध्ये ठेव, रात्रभर, मग भट्टीबरोबरच गार होऊ दे. ट्यूब फर्नेस नाही? ४५० ला बोरोसिलिकेट काचेची नळी टिकते. तिच्यावर नायक्रोमची तार गुंडाळ, वर ग्लासवूल, डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) तापव. सिलिंडर वेल्डिंगवाल्याकडचं चालतं. रेग्युलेटरला तेल-ग्रीसचं बोट लागू द्यायचं नाही, शुद्ध ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की भडका उडतो. फुगे पाण्यातून एकेक निघतील एवढाच प्रवाह ठेव. मध्ये लाइट गेली तर घाबरू नकोस, आली की परत ४५० ला चढव.

आधी आणि नंतर गोळीचं वजन कर. ऑक्सिजन ६.३ वरून ६.९ ला गेला तर २ ग्रॅमच्या गोळीत सुमारे २९ मिलिग्रॅम वाढतात. केमिस्ट्रीवाल्यांच्या तराजूवर हे आरामात दिसतं. तेच लोक आयोडोमेट्रिक टायट्रेशन करून आकडा पक्काही करून देतील, चहा पाजलास तर.


अनेरकाठ:

आप्पा सर, खूप आभार. वजनाची गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. गाइडना आज दाखवलं, ते म्हणाले बघ करून, सिलिंडरचं बिल मात्र डिपार्टमेंटला लावू नकोस.

नायट्रोजनची अडचण राहिली. दवाखान्यातले दादा म्हणतात परत परत देता येणार नाही. आणि मी नेते तो घरचा स्टीलचा थर्मास आहे, मे महिन्यात घरी पोचेपर्यंत निम्मं उडून जातं.


कांडीवाला_यावल:

ताई, मी कृत्रिम रेतनाचं काम करतो, यावल-रावेर पट्ट्यात. फिजिक्स आपला प्रांत नाही, पण नायट्रोजन रोज हातात असतं म्हणून लिहितो.

दवाखान्यातले दादा नाही म्हणतात ते कंजूसपणाने नाही. कंटेनरमध्ये वळूच्या वीर्याच्या कांड्या असतात. पातळी खाली गेली आणि कांड्या उघड्या पडल्या तर आतलं सगळं मरतं, बाहेरून कांडी तशीच दिसते. मग गाय फळत नाही आणि शेतकरी आमच्या नावाने ओरडतो. म्हणून चालू कंटेनरमधून मागू नका. सप्लायची गाडी कधी येते ते विचारा. त्या दिवशी मोठ्या टाकीतून लहान कंटेनर भरताना दोन-तीन लिटर इकडेतिकडे होतंच, ते तुम्हाला मिळेल. कॉलेजचं पत्र घेऊन जा, अधिकारी बहुतेक नाही म्हणत नाहीत.

घरच्या थर्मासचं झाकण गच्च लावायचं नाही, कधीच नाही. आत गॅस होतो, झाकण गोळीसारखं सुटतं. बूच नुसतं ठेवायचं किंवा कापसाचा बोळा. एसटीत, बंद कारमध्ये नेऊ नका. जीपच्या मागच्या उघड्या हौद्यात ठेवा. बंद खोलीत सांडलं तर हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला कळतही नाही. आमच्यात सगळ्यांना हे पहिल्या दिवशी सांगतात.

शक्य असेल तर ३ लिटरचा रेतनवाल्यांचा कंटेनर उसना घ्या, त्याची मान अरुंद असते, नायट्रोजन बरेच दिवस टिकतं. पातळी बघायला लाकडी पट्टी बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर दव गोठून पांढरी होते तिथवर माल आहे.

एक शंका, आप्पा. तुमची ती तरंगणारी गोळी माझ्या कंटेनरच्या झाकणात बसवून पातळीचा अलार्म होईल का?


चोपडेकर_आप्पा:

होईल की! सुपरकंडक्टिंग तारेचे पातळीमापक हेलियमच्या टाकीत खरोखर वापरतात. द्रवात बुडालेला भाग शून्य रोधाचा, वर उघडा पडलेला भाग रोध दाखवतो, त्यावरून पातळी कळते. नायट्रोजनला मात्र तुमची लाकडी पट्टी स्वस्त आणि भरवशाची. वायबीसीओला दमट हवा सोसत नाही, पावसाळ्यात तुमच्या झाकणात ती महिनाभरात भुरभुरून जाईल. पोरी, हे तुलाही लागू. गोळ्या सिलिका जेलच्या बरणीत ठेव.

आता तिसरा प्रश्न. फेराइट की सुपरकंडक्टर, हा प्रश्नच मला पटत नाही. चुंबकत्व आणि सुपरकंडक्टिव्हिटी, तुझ्या हातातल्या पदार्थात दोन्ही आहे.

त्या साखळ्यांतला ऑक्सिजन पूर्ण काढून टाकलास, सूत्रात ६ उरला, तर हाच पदार्थ विद्युतरोधक आणि अँटिफेरोमॅग्नेट होतो. तांब्याचे शेजारी-शेजारी असलेले स्पिन, म्हणजे अणूतली इवली चुंबकं, एक वर, एक खाली, आणि ही मांडणी ४०० केल्विनच्याही वर टिकते. म्हणजे उकळत्या पाण्यात टाकलास तरी तो आतून चुंबकीय क्रमातच असतो, फक्त बाहेरून खिळा चिकटत नाही, कारण वरचे-खालचे एकमेकांना मारून टाकतात. ही मांडणी बघायला न्यूट्रॉन लागतात, त्यासाठी आपल्याकडे ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आहे. त्यात ऑक्सिजन भरत जा: चुंबकत्व विरतं, मग ५०-६० केल्विनचा सुपरकंडक्टर, मग ९२ चा. चुंबकत्व संपतं तिथून सुपरकंडक्टिव्हिटी का सुरू होते, यावर १९८७ पासून भांडण चालू आहे आणि ते मिटलेलं नाही. शिशाचं, कथिलाचं कोडं १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सोडवलं. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या स्फटिकाच्या कंपनांमुळे जमतात, हे त्यांचं म्हणणं. तांब्याच्या ऑक्साइडला ते सरळ लागू पडत नाही. बरेच लोक म्हणतात इथे जोड्या जमवण्याचं काम चुंबकीय हालचाली करतात. मीही त्याच बाजूचा, पण माझ्या म्हणण्याला किती किंमत.

जुन्या सुपरकंडक्टरमध्ये चुंबक म्हणजे शत्रू होता. १९५८ मध्ये मॅथिअस यांच्या गटाने लँथॅनममध्ये टक्काभर गॅडोलिनियम घातलं आणि सुपरकंडक्टिव्हिटी पार संपली. जोडीतले दोन इलेक्ट्रॉन उलट्या स्पिनचे, चुंबकीय अणू दोघांना एकाच बाजूला ओढतो, जोडी तुटते. आणि आता हे बघ: वायबीसीओमधलं सगळं यट्रियम काढून सगळं गॅडोलिनियम घाल, तरी तापमान ९० च्या वरच राहतं! उलट तांब्याच्या जागी बिनचुंबकी जस्त एखाद-दोन टक्के घातलं की ते झपाट्याने खाली येतं. चुंबकी पाहुणा चालतो, बिनचुंबकी चालत नाही. कारण गॅडोलिनियम बसतं तांबे-ऑक्सिजनच्या थरांच्या मध्ये आणि जस्त नेमकं त्या थरांतच जाऊन स्पिनची घडी विस्कटतं. हे तुझ्या त्याच भट्टीत, त्याच खलात करता येतं. फार्मसीवाल्यांची डाय तेवढी मोडू नकोस.

मर्यादाही सांगतो. नुसत्या नायट्रोजनवर तुझी खिडकी ७७ ते ९२, पंधरा केल्विनची. रोटरी पंपाने वाफ ओढलीस तर नायट्रोजन ६३ पर्यंत थंड होतं आणि मग गोठतं. त्याच्या खाली जायचं तर इंदूरला जा. तिथली यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम ही संशोधन संस्था विद्यापीठांतल्या लोकांसाठीच आहे, प्रस्ताव पाठवायचा, मंजूर झाला की तिथे हेलियमपर्यंत रोध आणि मॅग्नेटायझेशन दोन्ही मोजता येतं. शिरपूरहून आग्रा रोड धरला, सेंधवा ओलांडलं की इंदूर. मुंबईपेक्षा तुला तेच जवळ. आपल्याकडून लोक तिकडे साड्या घ्यायला जातात, सॅम्पल घेऊन फार थोडे जातात.


फेराइट_अमळनेर:

आप्पा, फेराइटवाल्यांना तुम्ही बोलला नाहीत, पण तुमचा रोख समजला. मी फेराइटवरच पीएच.डी. केली, म्हणून थोडी बाजू मांडतो.

दर सहा महिन्यांनी पेपर ही गोष्ट खरी आहे आणि तिची लाजही वाटायला हवी. निकेल-झिंकमध्ये जरा कोबाल्ट घालायचं, मग जरा मॅग्नेशियम, प्रत्येक वेळी तोच एक्सआरडी (क्ष-किरणांचा आलेख), तोच शेररच्या सूत्राने काढलेला कणांचा आकार, तेच व्हीएसएमचं (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचं) वळण. नायट्रेट आणि सायट्रिक अॅसिडचं जेल तापवलं की भुर्रकन जळून राख होते, भट्टीही फार लागत नाही, म्हणून सगळे त्यात पडतात. प्रश्न काय होता ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

पण पदार्थाचा त्यात काय दोष? नील यांना ज्यासाठी १९७० चं नोबेल मिळालं ती, एकमेकांविरुद्ध उभ्या स्पिनच्या दोन गटांची कल्पना फेराइटमधूनच नीट समजते. कोबाल्ट किंवा निकेल फेराइटमध्ये जस्त घाला. जस्त बिनचुंबकी, म्हणजे चुंबकत्व कमी व्हायला हवं. आधी वाढतं! कारण स्फटिकात अणूंच्या दोन प्रकारच्या जागा असतात, ए आणि बी. जस्त ए जागेवर बसतं, तिथलं लोखंड बी जागेवर जातं आणि दोन उलट्या गटांमधली वजाबाकी मोठी होते. अर्ध्याच्या आसपास गेलं की स्पिन तिरके व्हायला लागतात आणि आलेख खाली वळतो. अनेरकाठ ताई, आप्पांनी सांगितलं ते जस्त आणि हे जस्त शेजारी ठेवून बघ. एकीकडे ते सुपरकंडक्टर मारतं, दुसरीकडे चुंबक वाढवतं, दोन्ही ठिकाणी ते स्वतः चुंबकी नाहीच. याच्यावर चांगला प्रस्ताव होतो.

आणि खान्देशातल्या उन्हासाठी एक प्रयोग. गॅडोलिनियमचा क्युरी बिंदू, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व जातं ते तापमान, २० अंश सेल्सिअस. डिसेंबरातल्या पहाटे तुकडा चुंबकाला घट्ट चिकटतो, दुपारी बारापर्यंत पकड गेलेली असते. मे महिन्यात ४५ अंशांत तर बर्फाच्या पाण्यातून काढून दाखवावा लागतो. अकरावीच्या पोरांना हे दाखवलं तर क्युरी बिंदूची व्याख्या पाठ करायला लागत नाही.


अनेरकाठ:

अमळनेरकर सर, आमच्या स्टोअरमध्ये झिंक ऑक्साइड आहे. एक टक्का जस्त घालायचं तर कॉपर ऑक्साइड त्या प्रमाणात कमी करायचं ना? आणि आप्पा सर, गोळीची पट्टी कापायला डायमंड सॉ नाही. हेक्सॉ ब्लेडने चालेल?


चोपडेकर_आप्पा:

कॉपर ऑक्साइड तेवढ्याच मोलने कमी कर, ग्रॅमने नाही. झिंक ऑक्साइडचा मोल ८१.४ ग्रॅम, कॉपर ऑक्साइडचा ७९.५, फरक थोडाच आहे पण वहीत मोलच लिही, व्हायव्हाला तेच विचारतील. आधी बिनजस्ताची गोळी ऑक्सिजनमध्ये तयार करून तरंगवून घे, मगच जस्ताला हात लाव. नाहीतर तापमान जस्तामुळे उतरलं की ऑक्सिजन कमी पडल्यामुळे, हे तुला कधीच कळणार नाही.

हेक्सॉने तुकडे उडतील. गोळी कापूच नकोस, बारीक पॉलिश पेपरवर कोरडीच घासून दोन बाजू सपाट कर आणि चारही तारा एका ओळीत लाव. पाणी लावायचं नाही. सिल्व्हर पेंट लावल्यावर रात्रभर वाळू दे. घाई असेल तर शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर, त्याच्यावर नको. घासताना उडणारी पूड बेरियमची आहे, खिडकी उघडी ठेव.

कांडीवाले दादा, गाडी कधी येते ते इथेच टाकाल का? मलाही लिटरभर लागेल, नातवाला दाखवायचंय.


कांडीवाला_यावल:

टाकतो आप्पा. यावलहून चोपडा जवळच आहे, थर्मास घेऊन या. झाकण घरी ठेवून.